लंगोट, नाडी आणि इलॅस्टिक : दौलतगंजातील धुण्याचा इतिहास

आपल्या लोकांनी पगडीचा इतिहास लिहिला, अंगरख्याचा लिहिला, पैठणीवर तर पुष्कळच लिहिले. शिंदेशाही पगडीविषयी दौलतगंजातला शाळकरी मुलगाही चार वाक्ये सहज बोलू शकेल. परंतु त्या पगडीखालच्या पुरुषाने कमरेला काय नेसले होते, ते कोण धूत असे आणि ते किती दिवस टिकत असे, याविषयी बखरी गप्प आहेत आणि घराघरांतल्या आठवणीही संकोचाने दुसरीकडे पाहतात. विषय लहान आहे हे आम्हांस मान्य आहे. तो क्षुद्र आहे हे मात्र मान्य नाही. रोज अंगाला लागणारे, रोज धुतले जाणारे आणि तरीही ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असे दुसरे वस्त्र नाही. शिवाय त्याच्या आयुष्याचा प्रश्न आज प्रत्येक घरात आहे : आजोबांचा लंगोट वर्षानुवर्षे दांडीवर दिसे आणि नातवाची महागडी चड्डी वर्षाच्या आत सैल होते, हे कसे?

शासकीय सेवेत असताना वस्तूंच्या आयुर्मानाची कोष्टके आमच्या नजरेखालून पुष्कळ गेली. चपराशाची वर्दी किती वर्षांनी बदलावयाची याचे नियम असत आणि ती धुण्यासाठी निराळा धुलाई भत्ताही असे. म्हणजे कापड धुण्याला खर्च येतो, आणि धुण्याने कापडही खर्ची पडते, या दोन्ही गोष्टी सरकारने मान्य केलेल्या होत्या. हे शहाणपण आजकालचे नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी १९०९ साली म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी छापून प्रसिद्ध केली. तिच्यात कारागिरांविषयीच्या प्रकरणात धोब्यांचेही नियम आहेत. धोब्याने लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर कपडे धुवावेत, अन्यत्र धुतल्यास वस्त्राची नुकसानभरपाई द्यावी आणि वर सहा पण दंड भरावा, असा तेथे नियम आहे. पहिल्या धुण्यात वस्त्राचे चतुर्थांश मोल जाते आणि दुसऱ्यात पंचमांश, असा हिशेबही दिला आहे. नारदस्मृतीचे कोष्टक थोडे निराळे : एकदा धुतलेल्या वस्त्राचे मोल अष्टमांशाने उतरते, दोनदा धुतल्यावर चतुर्थांशाने, तिसऱ्यांदा तृतीयांशाने, आणि चार वेळा धुतले की ते निम्म्यावर येते. मनुस्मृतीने तर धोब्याला सावरीच्या गुळगुळीत फळीवर हळूहळू कपडे धुण्यास सांगितले असून एकाचे कपडे दुसऱ्याच्या कपड्यांत मिसळू नयेत, अशी ताकीद दिली आहे. आकडे जुळत नाहीत, पण तिन्ही ग्रंथकारांना एकच गोष्ट ठाऊक होती : वस्त्र अंगावर झिजते त्याहून अधिक धुण्याच्या दगडावर झिजते. हे सूत्र ध्यानी ठेवून आपण दौलतगंजाकडे येऊ.

दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी स्थिर केली आणि त्या लष्कराचेच पुढे लश्कर नावाचे शहर झाले. दौलतगंज ही त्यांच्याच नावाची वस्ती. देशावरून आणि कोकणातून आलेले सरदार, कारकून, भिक्षुक, वैद्य आणि गवई येथे वाडे बांधून राहिले. येताना त्यांनी देवघर आणले, पुरणाचे जाते आणले, तसेच धुण्याचे रिवाजही आणले. परंतु येथले पाणी निराळे, ऊन निराळे आणि धूळ तर अगदीच निराळी. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, लू वाहते, आणि दांडीवर घातलेले धोतर वळचणीला पोहोचेपर्यंत कडक होते. हिवाळ्यात धुक्याने सूर्य दुपारपर्यंत दिसत नाही, आणि तेच धोतर दोन दिवस ओले राहते. पुण्यासाताऱ्याचा धुण्याचा शिरस्ता येथे जसाच्या तसा चालणे शक्य नव्हते.

जुन्या वाड्यातील पुरुषाचे अंतर्वस्त्र म्हणजे लंगोटी किंवा लंगोट. करगोट्यात खोवलेली कापडाची पट्टी ती लंगोटी, आणि शिवून बंद लावलेला, तालमीतल्या पठ्ठ्याने कसून बांधावयाचा तो लंगोट. दोन्ही जाड मांजरपाटाचे असत. त्यांत रबर नाही, बटण नाही, ताणले जाईल असे काहीही नाही. आमच्या लहानपणी, १९६० च्या दशकात, वाड्यातील वडीलधारी मंडळी विहिरीवर स्नान करीत आणि स्नान आटोपताच त्याच पाण्यात आपली लंगोटी आपणच धूत. साबण क्वचितच. दगडावर दोन वेळा चुबकावयाची, स्वच्छ पाण्यात खळबळावयाची, हलका पीळ देऊन पाणी काढावयाचे, मग तो पीळ मोडून कापड जोराने झटकावयाचे आणि दांडीवर पसरावयाचे. सारे काम पाच मिनिटांचे. घामाला कापडात मुरावयास दुसरा दिवस मिळतच नसे, त्यामुळे आपटण्याची, उकळण्याची किंवा खाराची गरजच पडत नसे. आठवड्यातून एकदा रिठ्याच्या पाण्यात भिजवले की पुरे. तालमीत जाणाऱ्यांच्या लंगोटाला मात्र तेल आणि आखाड्याची माती लागलेली असे. तो सज्जीखाराच्या कोमट पाण्यात घालावा लागे. सुती कापडाला खार सोसतो, रेशीम आणि लोकर यांना सोसत नाही, हे ज्ञान घरातील प्रत्येक बाईला आणि बहुतेक पुरुषांना होते.

आणखी एक गोष्ट. प्रत्येकाच्या किमान दोन लंगोट्या असत आणि त्या पाळीपाळीने वापरल्या जात. आज अंगावरची, उद्या दांडीवरची. कापडाला एक दिवसाची विश्रांती मिळे आणि ते पूर्ण वाळल्याशिवाय अंगाला लागत नसे. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडलेला आम्ही पाहिला नाही.

येथे परिटाचा उल्लेख करणे अवश्य आहे. धोतरे, उपरणी, सदरे, चादरी हे सारे परिटाकडे जाई. तो कपडे खाराच्या पाण्यात बुडवून भट्टीवर रात्रभर वाफवी आणि सकाळी शिळेवर आपटून धुई. त्या धुण्याला जी शुभ्रता येई तिलाच आपण परीटघडी म्हणतो. ही शुभ्रता स्वस्त नव्हती. खार, वाफ आणि आपट या तिन्हींनी कापडाचा तंतू झिजे, आणि नारदस्मृतीतले कोष्टक खरे होई. सुदैवाने कापसाचा तंतू ओला असताना कोरड्यापेक्षा अधिक बळकट असतो, म्हणून सुती धोतर ती आपट काही वर्षे सोसू शके. लंगोटी मात्र परिटाकडे कधीच जात नसे. कारण उघड आहे : सोवळ्याओवळ्याचा विचार आणि लाज. अंगाशी लागलेले वस्त्र दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे नाही, असा दंडक होता. या दंडकाच्या मुळाशी जी उच्चनीचतेची कल्पना होती तिचे समर्थन आम्ही करणार नाही. गावोगाव फिरून लोकांची घाण स्वतः झाडणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) परीट कुटुंबात जन्मले होते, आणि ज्या समाजाचे मळ परीट उपसत आला त्याच समाजाने त्याला कोणती जागा दिली, हे त्यांना चांगले ठाऊक होते. परंतु त्या चुकीच्या कल्पनेतून एक चांगली सवय निघाली, ही इतिहासाची गंमत आहे. भट्टी आणि आपट यांतून लंगोटी वाचली, आणि जो नेसे तोच धुई. आपल्या हाताने रोज धुणाऱ्याला शिवण कोठे उसवली आहे, कापड कोठे विरले आहे, हे लगेच कळते. त्याच दिवशी दोन टाके पडतात, आणि वस्त्राचे आयुष्य सहा महिन्यांनी वाढते.

लंगोटीनंतर चड्डी आली. आमचे हिंदीभाषक शेजारी तिला जांघिया किंवा कच्छा म्हणत आणि आमच्या घरातली मुलेही बाहेर तोच शब्द वापरीत. कचेरीत पाटलोण घालून जाण्याची वेळ आली तेव्हा लंगोटी गैरसोयीची ठरली आणि शिंप्याकडून शिवून घेतलेली, पट्ट्यापट्ट्यांची, नाडीची चड्डी रूढ झाली. ग्वाल्हेरला १९२१ साली बिर्लांची जयाजीराव कॉटन मिल सुरू झाल्यावर मिलचे सुती कापड दाराशीच मिळू लागले. त्या मिलच्या भोंग्यावर गावाची घड्याळे लागत. वरच्या अंगाला बाराबंदी आणि बंडी जाऊन गंजीफ्रॉक आला. हा शब्द इंग्लंडजवळच्या गर्न्सी बेटाच्या नावावरून आल्याचे मानले जाते. तेथल्या दर्यावर्दींचे विणलेले सदरे प्रसिद्ध होते.

नाडीच्या चड्डीत एक मोठे शहाणपण दडलेले होते, आणि ते आमच्या मते या सबंध इतिहासाचे मर्म आहे. कोणत्याही वस्त्राचा एखादा भाग आधी जातो. चड्डीत तो भाग नाडी. ती रोज ओढली जाते, घामाने कुजते, गाठीपाशी झिजते. पण नाडी तुटली म्हणून चड्डी कोणी टाकीत नसे. सेफ्टी पिनेला नवी नाडी अडकवून नेफ्यात ओवली की चड्डी पुन्हा उभी राहत असे. नाशवंत भाग बदलता येईल अशी त्या वस्त्राची घडणच होती. पुढे बैठक विरली की तिच्या आतून दुसरे कापड लागे, आणि अगदी शेवटी तिचे फडके होऊन ती कंदील पुसण्याच्या कामी येई.

आता साबणाकडे वळू. १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी उतरली आणि हिंदुस्थानच्या धुण्यात विलायती साबणाचे पाऊल पडले. १९१७ साली टाटा ऑइल मिल्सची स्थापना झाली. त्याच सुमारास अर्देशिर गोदरेज यांनी चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला, त्यामुळे सोवळ्याच्या घरांनाही साबण शिवता येऊ लागला. पण साबण आणि लश्करचे पाणी यांचे कधी जमले नाही. आमच्या वाड्यातील विहिरीचे पाणी जड होते. अशा पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाचा त्यांच्याशी संयोग होऊन फेसाऐवजी चिकट साका तयार होतो आणि तो कापडाच्या तंतूंत बसतो. कापड करडे पडते, राठ होते, आणि ते पांढरे व्हावे म्हणून आपण आणखी साबण लावून आणखी आपटतो. नीळ घातली की करडेपणा डोळ्यांना दिसेनासा होतो, साका मात्र तसाच राहतो. राठ झालेले कापड अंगाला घासते आणि घडीवर लवकर तुटते. वाड्यातल्या शहाण्या बायका पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी हंड्यांत धरून त्यात बारीक कपडे धूत, त्याचे कारण हेच.

शहराला तिघरा धरणाचे पाणी मिळू लागल्यावर ही अडचण बरीच कमी झाली. सांक नदीवरचे हे धरण १९१६ साली पुरे झाले, १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले, आणि नंतर पुन्हा बांधले गेले. तलावात साठलेले पावसाचे पाणी विहिरीच्या पाण्याहून मृदू असते. तरी ज्या उन्हाळ्यात तलाव आटतो त्या उन्हाळ्यात घराघरांत बोअरचे पाणी वापरावे लागते आणि कपड्यांवरचा करडेपणा परत येतो. या बाबतीत खरा दिलासा दिला तो पावडरीने. १९५९ साली हिंदुस्थान लीव्हरने सर्फ आणली. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा सुरू केली आणि पावडर सामान्य घरात पोहोचली. अशा धुलाई पावडरीचा जड पाण्यात साका होत नाही. मात्र पावडर झटपट मळ काढते म्हणून ती हवी तेवढी घालावी, असा समज पसरला. जास्त घातलेली पावडर खळबळून निघत नाही, शिवणीत राहते, आणि घामाने पुन्हा ओली होऊन कापडाला आणि कातडीला दोहोंना त्रास देते.

येथवर कापड कापसाचेच होते. पुढचा बदल कापडातच झाला, आणि त्यात आपल्या शहराचे नाव गुंतलेले आहे. २५ ऑगस्ट १९४७ रोजी ग्वाल्हेर रेयॉन सिल्क मॅन्युफॅक्चरिंग या कंपनीची नोंदणी झाली. पुढे ती ग्रासिम म्हणून ओळखली जाऊ लागली. १९५४ पासून तिने नागद्याला लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोस तंतू काढण्यास सुरुवात केली. रेयॉन मऊ, झुळझुळीत आणि घाम टिपणारा. पण त्याचा स्वभाव कापसाच्या नेमका उलट आहे : ओला झाला की त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते. दगडावरची जी आपट मांजरपाटाने वर्षानुवर्षे सोसली, ती रेयॉनच्या कापडाला थोड्या दिवसांत संपवते. आज मोडाल नावाने जी मऊ अंतर्वस्त्रे विकली जातात, तीही याच कुळातील. ती धोपाटण्याची नव्हेत आणि पिळण्याचीही नव्हेत. पाण्यात दाबून काढावयाची, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपावयाचे आणि आडवी वाळवावयाची.

मग आले इलॅस्टिक. अमेरिकेतील शिकागो शहरात १९ जानेवारी १९३५ रोजी कूपर्स कंपनीची जॉकी नावाची आखूड चड्डी प्रथम विक्रीस आली. आपल्याकडे कमरपट्टीत रबर शिवलेली विणीची चड्डी १९७० नंतर हळूहळू रूढ झाली. तिरुपूरच्या होजिअरीने ती गल्लोगल्ली पोहोचवली, आणि १९९४ साली स्थापन झालेल्या पेज इंडस्ट्रीजने तो जॉकी छापही भारतात आणला. १९५८ साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी इलॅस्टेन नावाचा ताणणारा तंतू शोधला होता. तो आता कमरपट्टीतच नव्हे तर सबंध कापडात विणला जातो. सोय मोठीच झाली. पण रबराला तीन गोष्टी सोसत नाहीत : कडक ऊन, उष्णता आणि तेल. इलॅस्टेनला ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन आणि जास्त उष्णता सोसत नाही. म्हणजे ज्या उन्हाने आणि उकळत्या पाण्याने आजोबांचा लंगोट शुद्ध होत असे, त्याच उन्हाने आणि पाण्याने नातवाच्या चड्डीची कमर सैल होते. आणि कमर सैल झाली की चड्डी संपली, कारण नेफ्यातून काढून बदलता येईल अशी नाडी तिच्यात नाही. कापड अजून धडधाकट असते. वस्त्र बदलले, पण धुण्याचा शिरस्ता मात्र आम्ही लंगोटाचाच चालू ठेवला. आयुष्य घटले त्याचे कारण येथे आहे.

या बदलाबरोबर आणखी एक बदल झाला, आणि तो आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. लंगोटी पुरुष स्वतः धूत असे. चड्डी आणि गंजीफ्रॉक साबणाच्या बादलीत गेले, आणि बादली होती घरातल्या बाईच्या ताब्यात. विहीर बंद झाली, न्हाणीघर आत आले, नळ आला, आणि पुरुष स्नान करून ओले कपडे मोरीच्या कोपऱ्यात टाकून बाहेर येऊ लागला. आधुनिकतेने बायकांचे काम हलके केले असे आपण म्हणतो. या एका बाबतीत तरी तिने पुरुषाचे पाच मिनिटांचे काम काढून बाईच्या वाट्याला घातले. आमच्या आईच्या पिढीने घरातील पाच-सहा पुरुषांचे आतले कपडे रोज धुतले. सोड्याच्या पाण्याने त्यांच्या बोटांची सालपटे निघत, आणि त्याविषयी घरात कधी चर्चा झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. ज्या घरी बाईला उसंत नव्हती तेथे सगळे कपडे एकत्र भिजत, एकत्र आपटले जात, आणि नाजूक व राठ असा भेद करण्यास वेळ नसे. कपडा अकाली फाटला की दोष धुणारीला मिळे. आता यंत्र आले आहे, पण यंत्रात कपडे कोणी घालावयाचे हे बहुतेक घरांत बदललेले नाही.

गांधीजींनी आपल्या आत्मकथेत धुण्याचा प्रसंग सांगितला आहे. दक्षिण आफ्रिकेत बॅरिस्टरी करताना धोब्याचा खर्च आणि दिरंगाई यांना कंटाळून त्यांनी धुण्याचे साहित्य आणले, धुण्यावरचे पुस्तक वाचले आणि आपली कॉलर आपण धुऊन खळ घालून इस्त्री केली. पहिल्या दिवशी खळ जास्त झाली आणि कॉलरीतून ती गळत राहिली. सहकारी बॅरिस्टर हसले, तरी गांधीजींनी सवय सोडली नाही. पुढे १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तेथे गेले असता जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठी त्यांना आपले उपरणे नीट करून हवे होते. ते न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना भेट दिलेले, म्हणून गोखल्यांना जिवापाड जपलेले. ते इस्त्री करण्याचे काम गांधीजींनी मागून घेतले आणि चोख केले. एका महाराष्ट्रीय गुरूचे उपरणे दुसऱ्या महाराष्ट्रीयाच्या खांद्यावर नीट बसावे म्हणून एका बॅरिस्टराने इस्त्री हाती धरली, यात कोणाची प्रतिष्ठा उणावली नाही.

आता उन्हाचा प्रश्न, कारण तेथे टिकाऊपणा आणि आरोग्य यांचे भांडण आहे. जांघेतील नायट्याला इंग्रजांनी ‘धोबी इच’, म्हणजे धोब्याची खाज, असे नाव दिले. आपल्या छावणीतल्या सैनिकांना हा रोग धोब्याच्या कपड्यांतून जडतो, असा त्यांचा समज होता. वास्तविक तो रोग बुरशीचा. घाम, घट्ट कपडे आणि दमटपणा यांवर ती वाढते. रोग्याच्या कपड्यांतून ती पसरू शकते हे खरे, पण उन्हाळ्यात जाड पाटलोणीखाली घट्ट कपडे घालणाऱ्याने सगळा दोष धोब्यावर टाकणे सोपे होते. आज हा विषय थट्टेचा राहिलेला नाही. गेल्या काही वर्षांत भारतात नायटा चिवट झाला आहे. टर्बिनाफिनसारख्या औषधाला दाद न देणाऱ्या एका बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नावच मिळाले, आणि त्या नावात आपला देश आहे. तीस-चाळीस अंशांच्या पाण्यात ही जात खात्रीने मरत नाही. त्यासाठी साधारण ६० अंशांचे पाणी लागते. म्हणजे इलॅस्टिक वाचवावयाचे तर गार पाणी आणि सावली, आणि कातडी वाचवावयाची तर गरम पाणी आणि ऊन.

या भांडणाचा निवाडा आम्ही पुढीलप्रमाणे करतो. प्रकृती चांगली असेल तर चड्डी आणि गंजीफ्रॉक रोजच्या रोज, घाम सुकण्याआधी, गार किंवा कोमट पाण्यात, चिमूटभर पावडर घालून हाताने चुबकावेत. भिजवून ठेवावयाचेच असेल तर अर्धा तास पुरे. रात्रभर बादलीत ठेवल्याने मळ सुटत नाही, वास मात्र येतो. दोन पाण्यांत खळबळावेत. पीळ देऊ नये, दोन तळव्यांत दाबून पाणी काढावे. कमरपट्टी धरून लटकवू नये, कारण ओल्या कापडाच्या भाराने ती ताणली जाते. मध्यावर दुमडून दांडीवर टाकावे. उलटे करून वाळवावे, म्हणजे शिवणी आधी वाळतात आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला हवा मिळते. ग्वाल्हेरच्या वैशाखात सकाळचे कोवळे ऊन भरपूर होते. दुपारी बाराच्या उन्हात कपडा विसरू नये. पावसाळ्यात आणि धुक्याच्या दिवसांत तो पंख्याखाली पूर्ण वाळवावा, आणि शंका वाटल्यास कमरपट्टी सोडून सुती भागावर इस्त्री फिरवावी. यंत्रात घालावयाचे झाल्यास जाळीच्या पिशवीत घालावे, म्हणजे पाटलोणीच्या हुकात अडकून ते ओढले जात नाहीत. आणि घरात कोणाला नायटा असेल तर मात्र टिकाऊपणाचा विचार सोडून द्यावा. त्याचे कपडे निराळे ठेवावेत, गरम पाण्यात धुवावेत, कडक उन्हात वाळवावेत. अशा माणसाने पूर्ण सुती, नाडीची, सैल चड्डी वापरणे उत्तम. तिला उकळते पाणीही सोसते आणि ऊनही, आणि नाडी बदलता येतेच.

दौलतगंजातील बरेच वाडे आता पडले. त्यांच्या जागी सदनिका आणि दुकाने उभी राहिली, आणि गच्चीवरच्या दांड्या जाऊन खिडकीबाहेर घडीचे स्टँड आले. जयाजीराव मिलचा भोंगा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात कायमचा थांबला. मांजरपाटाचा लंगोट आता तालमीखेरीज दिसत नाही आणि तो परत यावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु आपल्या पूर्वजांच्या रिवाजातून सोवळ्याची बाजू सोडून देऊन घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, नाशवंत भाग बदलता येईल असे वस्त्र शिवून घेणे. सुती कापड आणून नाडीची चड्डी शिवून देणारा शिंपी शोधल्यास आजही मिळतो, आणि सैल झालेली कमरपट्टी उसवून तेथे नवे इलॅस्टिक लावून देण्याचे कामही तो करतो. दुसरी, अंगाशी लागलेले वस्त्र स्नानाबरोबर आपल्याच हाताने धुणे. आमच्या समाजातील निवृत्त मंडळींना वेळेची वाण नाही आणि आमच्या घरांतील सुनांना ती आहे. स्नानघरात एक लहान बादली, एक रिठ्याची किंवा पावडरीची डबी आणि दारामागे एक दांडी एवढ्यावर हा जुना रिवाज उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करता येईल. आमच्या घरी तो सुरू आहे.